घोड्याची अयाळ

“दादा, माझा घोडा कुठे गेला?” ऑनलाइन बुद्धिबळाचा डाव रंगात असताना बहिणीने विचारलं. तिला दिसत नाही. संगणक सोंगट्यांची जागा वाचून दाखवतो, तशी ती खेळते. हा पट भावानेच त्याच्या कंपनीसाठी बनवलेला, आणि त्याचं नवं रूप आजच आलेलं. त्याने वाकून पाहिलं. घोडा जागेवरच होता, ऐटीत अयाळ उडवत. “अगं, हा काय समोर.” तिने हेडफोन त्याच्या कानाला लावून कळ दाबली. “चित्र.” पुन्हा दाबली. “चित्र.” तो ओशाळला. “आता अख्खा पट एकच चित्र आहे. प्रत्येक घरामागे बोलकं बटण ठेवलं, की अयाळ उडताना अडखळते.” “बरं,” म्हणून तिने हातातोंडाशी आलेला डाव सोडून दिला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी विचारलं, “घोडा टकला कसा झाला?” “केस कापले,” म्हणत भावाने हेडफोन पुढे केला. “ऐका, कसा चालतो.”