तळाशी रिकाम्या बाटल्या

मोठी कुंडी नुसत्या मातीने भरली तर हलवायला पैलवान लागतो, म्हणून आम्ही तळाशी रिकाम्या बाटल्या घातल्या. झाकण लावण्याआधी बायको प्रत्येक बाटलीत काहीतरी पुटपुटत होती. "काय भरतेस गं?" "तुमच्याबद्दलच्या तक्रारी. घाबरू नका, वजन वाढणार नाही." त्यावर लिंबाचं झाड लावलं, ऊन सरकेल तशी कुंडी गच्चीभर होडीसारखी फिरायची. बायको गेल्यावर ती कोपऱ्यातच नांगर टाकून बसली. आज मुलीने झाड मोठ्या पिंपात लावायला काढलं. "बाबा, बाटल्या फेकू?" मी एकीचं झाकण हळूच फिरवलं. आतून बारीकसा सुस्कारा सुटला. डोळे मिटून बाटली कानाला लावली. मुलगी मातीचे हात तसेच धरून थांबली. "काय म्हणतेय आई?" "अबोला धरलाय." तिने दुसरी पुढे केली. "नको, बाकीच्या पिंपाच्या तळाशी घाल. तिचा राग उतरायला वेळ लागतो."