हिरव्याच्या जागी निळा

"आता कुटला लावायचा रं?" चन्नम्मांनी विचारलं. नातवानं, अमरेशनं, मुकाट्यानं पिवळा ठोकळा उचलून लालच्या शेजारी ठेवला.

दिपाली कणकेच्या हातानं स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पोरगं तीन वर्षांचं होत आलं तरी तोंडातून शब्द फुटत नव्हता. डॉक्टरांनी आधी मोबाईल बंद करायला सांगितलं. तो कपाटात गेला, तेव्हा अमरेशनं घर डोक्यावर घेतलं. मग दुधनीहून सासूबाई आल्या आणि त्यांनी रंगीत ठोकळ्यांचा हा खेळ मांडला. आता रडणं थांबलं होतं, जेवण नीट होत होतं. बोलण्याचं मात्र नाव नव्हतं. शेजारणी म्हणायच्या, काही पोरं उशिराच बोलतात की. दिपालीच्या जिवाचं पाणी व्हायचं ते होतच होतं.

चन्नम्मा दोघांच्या वाटचं एकट्याच बोलत. ठोकळा बरोबर बसला की "शाब्बास माज्या राजा", चुकला की कानडीत "तप्पु". तप्पु म्हणजे चूक. एवढं कानडी दिपालीला लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

आज त्यांनी नवी रांग धरली. लाल, हिरवा, लाल, हिरवा. बोलता बोलता लालच्या पुढं त्यांनी निळा ठेवला.

अमरेशनं ठोकळ्याकडं बघितलं, मग आजीकडं बघितलं. कपाळाला आठी घातली, तो निळा उचलला आणि थेट आजीच्या नाकासमोर नाचवत ओरडला, "तप्पु!"

दिपाली तशीच धावली. पोराला तिनं पोटाशी धरलं, त्याचा शर्ट कणकेनं माखला. ती हसत होती आणि डोळे वाहत होते. 'आई'च्या आधी 'तप्पु' आलं म्हणून काय बिघडलं? आलं तर खरं!

"आत्या, लई हुशार तुमी," ती सासूला म्हणाली. "पोरानं बोलावं म्हणून मुद्दाम चुकलात, व्हय ना?"

चन्नम्मांनी तो ठोकळा घेतला, खिडकीच्या उजेडात डोळ्यांजवळ धरून नीट बघितला.

"मुद्दाम कसलं गं? मला हिरवाच दिसला. मोतीबिंदू लई वाढलाय वाटतं." मग नातवाच्या डोक्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "पर ऑपरेशनची घाई करू नगा बाई. मला अजून लई चुकायचंय."