सीट हलवायची नाही

“सीट हलवायची नाही. पाय पेडलला पोचले तर गाडी तुमची, नाही तर फाटक तिकडं!” हिराक्का प्रत्येक गिऱ्हाइकावर खेकसायची.

तिच्या सव्वासहा फुटी नवऱ्यानं त्या जुन्या स्पोर्ट्स कारची सीट पार मागे नेऊन वेल्डिंग मारून घेतली होती. तो गेल्यावर मुलानं गाडी विकायचा धोशा लावला, तेव्हा आक्कानं ही एवढी अट घातली आणि निर्धास्त झाली. असा उंट पुन्हा कुठून यायचा?

आज दारात उभी होती एक ताडमाड पोरगी.

“नारळ उतरवायला आलीस काय गं?”

“असल्या कुठल्याच गाडीत मी मावले नाही, आक्का. एकदा बसून बघते.”

“बघ आणि चालती हो.”

पोरगी बसली. गुडघे मोकळे राहिले, पाय पेडलवर टेकले. आक्काचा मुलगा हसला.

“उतर आधी!” आक्का कडाडली. गांगरलेली पोरगी घाईनं उठली, तसा आक्काचा हात आपसूक पुढे झाला आणि तिचं डोकं नि छताची कड यांच्यामध्ये जाऊन बसला.

“हे रोज इथंच आपटायचे,” ती पुटपुटली. मग किल्ली बॉनेटवर आदळली. “ने. पण वाकायला शीक!”