दोन बेसिनं

धाकटा दीर फौजेतून पेन्शनवर घरी आला आणि त्यानं आपल्या बाथरूममध्ये दोन बेसिनचं, खाली कप्पे नि वर आरसा असलेलं व्हॅनिटी युनिट बसवून घेतलं. तेव्हापासून रोज सकाळी राहीबाईंच्या पोटात दुखायला लागलं. भिंतीपलीकडं दीर आणि जाऊ क्रांती शेजारी शेजारी उभे राहून दात घासत, एकमेकांवर पाणी उडवत आणि क्रांती मोठमोठ्यानं खिदळे. भिंतीअलीकडं राहीबाई उगाच बादल्या आपटत.

शेवटी क्रांतीलाच बरोबर घेऊन त्या पाटणहून कराडला, निजामभाईंच्या नळ-बेसिनच्या दुकानात गेल्या.

"हिच्याकडं दिलंय तसलंच पायजे. आन् आरसा हिच्यापेक्षा मोठा."

"आवं आक्का," क्रांतीला हसू आवरेना, "एकल्या जिवाला दोन बेसिनं? एकात उजवा हात धुणार, दुसऱ्यात डावा?"

निजामभाईही म्हणाले, "मावशी, एकाचं घ्या. खाली कप्पे जास्त मिळतील."

"कप्पे काय करायचेत?" राहीबाई तडकल्या. "मालक फौजेतनं सुट्टीवर यायचे, तवा सासू-सासऱ्यांम्होरं मी नुसता पाण्याचा तांब्या ठिवून आत पळायची. पंधरा वर्सांत शेजारी हुबी न्हाई राहिले कवा. मग ते गेलेच."

क्रांतीनंच दोन बेसिनांच्या युनिटकडं बोट केलं. निजामभाईंनी वही उघडली.

"आरसा किती उंचीवर बसवायचा, मावशी? तुमच्या मापानं लिहू?"

"न्हाई, चांगला वर बसवा. मला न्हाई दिसलं तरी चालंल. ते सहा फूट हुते."