सांध्यांचा आवाज

दृष्टी गेल्यापासून अप्पा हा उन्नत मार्ग कानांनी पाहत असत. त्यांच्याच देखरेखीखाली तो उभारला गेला होता. पुलाच्या दोन तुकड्यांमधल्या सांध्यावरून चाक गेले, की ठोका पडे. त्या ठोक्यांच्या लयीवरून शिवडी आली, वडाळा आला, हे ते अचूक सांगत.

आज विजेवरची गाडी त्यांची मुलगी चालवीत होती. मार्गाच्या नूतनीकरणाची प्रमुख अभियंता तीच होती. आपल्या कामाबद्दल अप्पांकडून ‘बरं आहे’ यापलीकडे शब्द तिने कधी ऐकला नव्हता.

“वैजू, गाडी का थांबवलीस?”

“थांबवली नाही, अप्पा. वडाळा मागे पडला.”

अप्पांची काठीवरची मूठ आवळली. “मग माझे सांधे?”

“तुमच्या गुडघ्यांचे तेवढे राहिले. पुलाचे सगळे बदलले. हाच मार्ग पुढे ठाण्यापर्यंत न्यायचाय ना!” मग तिचा आवाज खाली आला. “तुमच्या खुणा गेल्या. रागावलात?”

“पूल बोलायला लागला, की त्याचं काहीतरी दुखत असतं, पोरी.” अप्पा थोडा वेळ कान देऊन बसले. “पुढून वळव गाडी. मला पुन्हा ऐकायचंय.”

“काय?”

“अगं, हेच. काहीच ऐकू येत नाही ते.”