पासष्ट हजारांत एक

सून पत्ते वाटत होती, आणि मास्तरांच्या मांडीवरच्या शालीखाली इस्पिकची पाच पानं दडलेली होती. चाळीस वर्षं गणित शिकवताना कॉपी करणारी कितीतरी पोरं त्यांनी पकडली होती. आज त्या पोरांसारखाच त्यांना दरदरून घाम फुटला होता.

सगळा घोळ त्यांच्या जिभेनंच करून ठेवला होता. मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टर सांगून थकले, मुलगा थकला. पण डोळ्याला सुरी लागणार म्हटलं की मास्तरांना भीती वाटायची. तसं कबूल कोण करणार? म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, "पोकरमध्ये मला ओळीनं पाच पानं येऊ देत, सगळी एकाच जातीची, बदामाची म्हणा नाहीतर इस्पिकची म्हणा. मग करतो ऑपरेशन. तोवर नाव काढायचं नाही."

सुनेनं शिवणाचं मशीन थांबवलं होतं. "अप्पा, असा हात येतो तरी कधी?"

"पाच पानांचे एकूण हात पंचवीस लाख अठ्ठ्याण्णव हजार नऊशे साठ. त्यात असे चाळीस. म्हणजे पासष्ट हजारांत एक."

"आपण रोज पाच डाव खेळतो." तिनं खडूनं कापडावरच भागाकार केला. "पस्तीस वर्षं लागतील. तुम्ही तेव्हा एकशे अकरा वर्षांचे!"

"मग घाई कसली?" मास्तर खूश होऊन म्हणाले होते.

त्यानंतर महिन्याभरानं नातीनं गणिताची वही दाखवायला आणली. मास्तरांनी भिंग लावून तपासली, आठाला तीन समजले आणि बरोबर गणितावर फुली मारली. पोरीनं वाद घातला नाही. आजोबा चुकतील कसे? तिनं बरोबर उत्तर खोडून चुकीचं लिहिलं आणि शाळेत बोलणी खाल्ली. घरी मात्र अवाक्षर काढलं नाही. सुनेच्या तोंडून ते कळलं तेव्हा मास्तरांना रडूच आलं.

डोळे हवेच होते. पण दिलेला शब्द गिळायचा म्हणजे आपण भ्यालो होतो हे घरभर सांगणं. त्यापेक्षा लबाडी परवडली. सकाळी घर रिकामं असताना त्यांनी अर्धा तास भिंग धरून गड्डीतून पाच पानं वेचली.

एरवी ते खेळाआधी बावन्न पानं मोजून घेत. आज मोजली नाहीत. सूनही म्हणाली, "पिसून आणलेत मी, अप्पा. चला, वाटतेच."

जिंकणाऱ्याला मिळायची बटणं तिनं डब्यातून मध्ये ओतली. दोन बटणं घरंगळून खाली गेली, ती उचलायला ती वाकली. तेवढ्यात मास्तरांनी आपल्याला आलेली पानं न बघताच खुर्चीच्या उशीखाली सरकवली आणि शालीखालची हातात घेतली.

"दाखवा, अप्पा," ती वर येत म्हणाली. तिचा आवाज जरा कापरा होता.

त्यांनी एकेक पान मांडलं. इस्पिकची अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम, राणी.

सून बघतच राहिली.

"इस्पिक?" ती हळूच म्हणाली.

"मग काय! पासष्ट हजारांत एक!"

तिनं एकदा पानांकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. तिचे डोळे भरून आले आणि ती हसायला लागली. "नशीब काढलंत, अप्पा. लावते डॉक्टरांना फोन."

ऑपरेशन झालं. आठवडाभर पत्ते बंद होते. मग एका दुपारी मास्तर पुन्हा आपल्या खुर्चीत बसले. पलीकडच्या खोलीत मशीन चालू होतं. सुनेच्या केसांतली पांढरी बट त्यांना इथून दिसली, आणि पोरगी किती राबते ते जाणवून जीव गलबलला.

मग त्यांना उशीखालची पानं आठवली. कुणी बघायच्या आत ती गड्डीत घालायला हवीत. त्यांनी ती बाहेर काढली. सवयीनं हात भिंगाकडे गेला, पण आता त्याची गरज नव्हती.

बदामाची पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी आणि नव्वी.