सत्काराची शाल

रश्मी इंग्लंडातल्या हॉस्पिटलची नोकरी सोडून कवठ्याला परतली आन् चावडीशेजारी दवाखाना थाटला. वर्ष सरलं तरी बाकडी रिकामीच. सरपंच आप्पा तर तिच्याच ओट्यावर गुडघा चोळत बसायचे आणि शिरूरच्या डॉक्टरकडं जायला जीपची वाट बघायचे. वर तिलाच म्हणायचे, "तिकडं जमलं असतं, तर हितं कशाला आली असतीस, पोरी?"

शेवटी तिनं दवाखान्याला कुलूप घातलं आणि पुन्हा इंग्लंडचं तिकीट काढलं. त्याच गावानं मग मांडव टाकला, ताशा लावला, फलक रंगवला: 'गावाची शान'.

तिच्या खांद्यावर शाल टाकताना आप्पा हळूच म्हणाले, "मॅडम, जायच्या आधी माझा गुडघा तेवढा बघा. एवढा मोठा डॉक्टर आमाला पुन्हा कुठं घावायचा?"